थांबा क्रमांक अकरा

नोव्हेंबर सरत आला की व्हिक्टर हार्बरला
बारावी सुटलेली पोरं उतरतात.
तीन रात्री कुणी झोपत नाही.
आम्ही नारिंगी जाकिटं घालून गवतावर उभे:
मी, निवृत्त नर्स थेल्मा,
आणि टायरच्या दुकानातला कॉस्टा.

आमच्याकडे पाणी आहे. दोन खोकी रबरी चपला आहेत,
कारण वाळूत बाटल्यांच्या काचा असतात
आणि नाचताना पोरी सँडल हातात घेतात, मग कुठेतरी ठेवतात.
उपदेश नाही. तो प्रशिक्षणातच काढून घेतला आमच्याकडून,
विमानतळावर कात्री काढून घेतात तसा.

काल रात्री पावणेदोनला
पाइनच्या बुंध्याशी एक मुलगी बसलेली.
मैत्रिणी? "इथेच होत्या."
नाव? तिला आठवायला वेळ लागला.
मलाही लागला असता,
पण सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
नावं विसरतो, थांबे नाही.
थांबा क्रमांक अकरा. दुधाच्या कॅनची टपालपेटी,
मागे बदामाची बाग.
तिसरीत असताना हिला वळणांवर मळमळायचं.
पिशवी तेव्हाही मीच धरली होती.

थेल्मानं तिला कुशीवर वळवलं,
एक हात गालाखाली, वरचा गुडघा पुढे.
शेजारून एक पोरगा म्हणाला, झोपू द्या ना तिला.
"झोपू दे की. पण पाठीवर नाही,
आणि एकटीला नाही."

तेवढ्यात फोन. पडद्यावर 'मम'.
मुलीनं डोळे मिटूनच मान हलवली: नको.
चार वेळा वाजू दिला. पाचव्यांदा उचलला.
म्हणालो, "ब्रायोनी सापडली आहे.
म्हणजे, हरवली नव्हती. इथे आहे. पाणी पितेय."
पलीकडे फ्रिजची घरघर, बराच वेळ.
मग त्या बाईनं विचारलं,
"पायात काही आहे का तिच्या?"

मी वाकून पाहिलं.
एक निळी, एक लाल, आमच्याच खोक्यातल्या,
दोन्ही डाव्या.
"आहे," म्हणालो.

उजाडता उजाडता मैत्रिणी आल्या,
काजळ हनुवटीपर्यंत,
"तू होतीस ना तिच्यासोबत?" "मी? तू होतीस!"
कॉस्टानं न बोलता तिघींच्या हातात पॅनकेक ठेवले,
तव्यावरचे, बोटं भाजणारे.
खाताना भांडता येत नाही.

घरी जाताना गाडी मी सावकाश चालवली.
बसचा एक नियम होता:
पोर उतरलं म्हणून लगेच निघायचं नाही.
ते रस्ता ओलांडून फाटकाशी पोचेपर्यंत
दिवे लुकलुकते ठेवायचे.
मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.
वाजवू देत.