डोळ्यात तेल घालून

आमच्याकडे म्हणतात, डोळ्यात तेल घालून जाग.
डंडीत, पर्थ रोडवरच्या दवाखान्यात
मी तेच करते, पगारावर:
भूल दिलेल्या जनावरांच्या डोळ्यांत मलम,
तांदळाच्या दाण्याएवढं.
तेल त्यांच्या डोळ्यात, जागते मी.

भूल चढली की आधी जीभ सैल पडते, मग मान.
पापण्या मात्र पुष्कळदा मिटत नाहीत.
सांगून कुणाला खरं वाटत नाही.
मांजरं तर टक लावून बघत राहतात
दिव्याकडे, दिव्यापलीकडे,
आत बघणारं कुणी नसताना.
आणि डोळ्यातलं पाणी आटत जातं,
दुसऱ्या दिवसापर्यंतही नीट परतत नाही.
पापणी लवणं हे काम आहे,
ते थांबल्यावर कळतं.

टॅटी, मिसेस गेडीजची. पग. वय अकरा.
बटाट्याला इकडे टॅटी म्हणतात; रंगही तोच, आकारही.
डोळे असे, जणू दाराबाहेर येऊन उभे.
सहा दाढा काढायच्या होत्या.
साडेनऊला मलम घातलं.
मग एक मूळ तुटलं, रक्त थांबेना,
फिनले डॉक्टरांना हे हवं, ते हवं,
आणि घड्याळात सव्वाअकरा.
मधली वेळ माझी होती.

सकाळी तिच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली.
एक मिनिट थांबायचं, पट्टीवर चढलेले अश्रू मोजायचे.
पंधरा मिलिमीटर हवेत. चार आले.
हिरवा रंग सोडला, निळा दिवा धरला:
बुबुळावर एक ओरखडा उजळला, शेवाळासारखा.

डॉक्टर म्हणाले, अशा डोळ्यांना होतं कधी कधी,
मी बोलतो त्यांच्याशी.
म्हटलं, मीच सांगते.

बाई ऐकत राहिल्या,
टॅटीचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत.
खिडकीतून टे नदीवरचा पूल अर्धाच दिसत होता,
उरलेला धुक्यात.
मग एकच विचारलं त्यांनी:
"उघड्या डोळ्यांनी पडली होती ना?
तिला दिसलं असेल का, मी तिथे नाही ते?"
नाही, म्हटलं.
एवढं एक तरी सरळ सांगता आलं.

थेंब कसे घालायचे ते दाखवायला बसले
तर त्यांनी पर्समधून स्वतःचीच बाटली काढली,
काचबिंदूची.
"माझे दोनदा. तिचे?"
सहादा.
"म्हणजे ती जास्त आजारी," म्हणाल्या,
मान मागे टाकली,
एक थेंब गालावर सांडला, दुसरा बरोबर पडला.
"हं. आता तिचं डोकं धर."

आठवड्याने ओरखडा निम्मा झाला.
शुक्रवारी पुन्हा येणार आहेत.

आज टेबलावर ससा आहे, काळा.
मनगटावर पेनाने वेळा लिहून ठेवल्यात मी,
नऊ दहा, नऊ चाळीस, दहा दहा,
घाम आला की पुसट होतात, पुन्हा गिरवते.
चाळीसला अजून दोन मिनिटं आहेत.
तो बघतोय दिव्याकडे.
बोटाने मिटते त्याची पापणी,
उघडते,
मिटते.