गुडघाभर पाणी

बाबा, खुर्ची आज जरा पुढे सरकवली आहे,
काळ्या खडपातल्या त्या घळीपाशी,
जिथे ओहोटी एक डबकं विसरून जाते.
उठताना हात मागितलात तर देईन,
आपणहून देणार नाही. ठरलंय आपलं.

धुकं अजून डोंगर सोडत नाही.
या वाळवंटाला पाऊस ऐकून माहीत,
इथे जे ओलं आहे ते समुद्राने उसनं दिलेलं.
मी वाहून आलेलं हुइरो ओढून काढते,
चामड्याच्या पट्ट्यांसारखं जड, गुळगुळीत,
दगडांवर पसरते.
वाळलं की किलोला किती, ते ट्रकवाला सांगेल.
तुम्ही डबक्यात बघत बसता.

तिथे तो आहे.
करंगळीएवढा.
पाठीवर पंख तीन,
एकाने भागलं नसावं.
दगडाचा रंग अंगावर घेऊन दगडावरच बसलेला.
पोहत नाही फारसा. टेकतो,
टुणकन दोन बोटं पुढे जातो, पुन्हा टेकतो,
डोळा मात्र सगळीकडे फिरवतो.
त्रोम्बोयितो म्हणतात त्याला आपल्याकडे.
बेलार्मिनो म्हणतो, याला काय मासा म्हणायचं,
मांजरसुद्धा हुंगून सोडतं.

तुम्ही अडतीस मीटर जायचात.
तोंडात पिवळी नळी, वर होडीत
बिअरच्या जुन्या पिंपात हवा भरणारा कंप्रेसर,
आणि नळी हातात धरून बेलार्मिनो.
लहानपणी विचारलं होतं, खाली काय असतं?
अंधार, म्हणालात. आणि पैसे.
जाळीची पिशवी लोकोच्या शिंपल्यांनी भरून यायची,
घराला पत्रा आला, मला बूट आले.

मग त्या मंगळवारी कंप्रेसर खोकला
आणि गप्प झाला.
तुम्ही वर आलात, येऊ नये तितक्या वेगाने.
रक्ताला उकळी फुटली, असं डॉक्टर म्हणाला,
हातांनी उकळी दाखवत, जणू आम्हाला स्वयंपाक येत नाही.
दोन दिवस लोखंडी पिंपात निजवलं तुम्हाला.
पाय त्यानंतर घरी आले ते पाहुण्यासारखे.

आठ महिने तुम्ही मोठ्याने बोलला नाहीत.
परवा मी चपटा दगड उलटला, खाली काही खाण्याजोगं मिळतं का पाहायला,
आणि तुम्ही ओरडलात.
“ठेव! होता तसा ठेव!
तोंड जिकडे होतं तिकडेच!”

दगडाच्या पोटाला अंडी होती,
मोहरीएवढी, एकाच थरात, दाटीवाटीने,
प्रत्येकात दोन काळे ठिपके. बघणारे.
आणि तो, जो एरवी कोणाची सावली पडली तरी फटीत शिरतो,
बाहेर आला, निखाऱ्यासारखा काळा-लाल होऊन,
आणि माझ्या अंगठ्याला चावला.
चावला म्हणजे, दोरा अडकावा तसं काहीतरी.

दगड जागेवर ठेवला. तुम्ही म्हणालात,
मादी अंडी देते आणि जाते,
राखण हाच करतो,
खात नाही धड, पंखाने वारा घालत बसतो.
आई कालामाच्या खाणीवरच्या खाणावळीत गेली, त्याला सहा वर्षं झाली.
मी काही बोलले नाही.
तुम्हीही काही बोलला नाहीत.
समुद्राने तेवढा आवाज केला.

आज पुन्हा तोच दगड, तोच पहारा.
अडतीस मीटर ज्याने पाहिलं त्याला
टीचभर पाणी पुरतं कसं, हे मला कळत नाही.
तुम्ही वाकून मोजता, बोटाने हवेत,
किती गेली, किती उरली,
एकदा हसलातही,
माझ्याकडे पाठ होती, पण खांद्यांवरून कळतं.

भरती लागली आहे.
पहिलं पाणी घळीत आलं, डबक्याची कड पुसली,
आता तो कुठे आहे ते फक्त तुम्हाला दिसतं.
खुर्चीचे पाय भिजले. तुमचे भिजलेत,
हे तुम्हाला बघूनच कळणार.
चला, म्हटलं.
एक लाट थांब, म्हणालात.

अशा सात झाल्या.
हुइरोचा भारा सुटून चाललाय माझा,
आणि मी उभी आहे.