टेकण

अड्वाच्या वरच्या अंगाला,
वाट देवळाकडे वळते तिथे माझं दुकान.
दुकान कसलं, एक पत्रा, एक शेगडी,
रानजैतुनाच्या फांद्यांचा भारा.
मी काठ्या बनवतो. प्रार्थनेच्या.

आमची उपासना उभ्यानं,
अंधार असल्यापासून उन्हं डोक्यावर येईतो.
माणूस थकतो, म्हणून काठी.
वर आडवी मूठ, खाली लोखंडी टोपण.
हनुवटी ठेवता यावी, काखेला आधार मिळावा,
बस्स, एवढंच माझं धर्मशास्त्र.

गिऱ्हाइकाला मी फूटपट्टी लावत नाही.
म्हणतो, उभा राहा, दमल्यासारखा.
लोक आधी हसतात.
मग हळूहळू खरंच दमलेले दिसू लागतात.
तेव्हा खूण करतो.

दुरुस्तीला आलेल्या काठ्या वाचता येतात मला.
आबा वोल्देसेन्बेत यांच्या मुठीत मधोमध खळगा,
चाळीस वर्षांच्या हनुवटीनं पाडलेला.
शिंपी तेक्लेवाइनीच्या काठीवर डावीकडे नखांचे ओरखडे;
मुलगी सीमेपलीकडे गेली
त्या साली पहिल्यांदा दिसले.
मिठाचा व्यापारी बेराकी, त्याची मूठ अजून कोरी, लखलखीत,
टोपण मात्र दरवर्षी झिजलेलं.
हा उभा राहत नाही. येरझारा घालतो.

आणि मी?
मी कुंपणाच्या भिंतीपर्यंत जातो.
चौकटीला ओठ लावतो, सवयीनं, आणि परत फिरतो.
माझा भाऊ किरोस गेला त्या रात्री
‘प्रभू, दया कर’ म्हणालो होतो एक्केचाळीस वेळा,
रीतीप्रमाणे, बोटांच्या पेरांवर मोजून.
बेचाळिसाव्यांदा म्हणायला हवं होतं का,
हे अजून कुणाला विचारलेलं नाही.

मोठ्या उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात लेतेब्रहान आली.
नवऱ्याला पुरून सहा महिने झाले होते.
त्याची काठी तिनं पांढऱ्या शालीत गुंडाळून आणली,
तान्हं मूल आणावं तशी.
‘कापून दे. माझ्या मापाची.’
‘खालून कापावी लागेल.’
‘मूठ राहील ना?’
‘राहील.’
मुठीवर त्याच्या हनुवटीची जागा गुळगुळीत झालेली.
तिनं तिथे अंगठा ठेवला, लगेच काढला.

‘उभी राहा,’ म्हणालो, ‘दमल्यासारखी.’
‘मी दमलेली नाही. मी रागावलेय.
त्याच्यासमोर जायचंय, तोंडावर बोलायचंय,
म्हणून काठी पाहिजे. पडायला नको मध्येच.’
त्याच्या म्हणजे कुणाच्या, हे तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

रागाचं माप मी कधी घेतलं नव्हतं.
ती ताठ उभी राहिली.
खूण चार बोटं वर गेली.

करवतीखालून वीतभर तुकडा पडला.
‘नेतेस?’
‘चुलीत घाल.’

घातला नाही.
हे लाकूड जळताना गोड वास येतो, सगळ्यांना ठाऊक आहे,
तरी घातला नाही.
आज पहाटे देवळात ढोल सुरू झाला.
बायकांच्या बाजूला ती उभी असेल,
काय बोलत असेल देव जाणे,
म्हणजे खरंच, देवच जाणे.

मी तो तुकडा जमिनीवर उभा केला.
त्याच्यावर हनुवटी टेकायची तर
गुडघ्यावर बसून भागत नाही,
पार पालथं व्हावं लागतं,
भुशात, खिळ्यांत, शेगडीच्या राखेशेजारी.
झालो.
लाकूड गार होतं.
शब्द एकही आला नाही. कसला तरी वास आला,
डिंकाचा, घामाचा, परक्या माणसाच्या म्हातारपणाचा.
बेचाळीस, म्हणालो.
नुसता आकडा.

दारात कुणी खाकरलं. बेराकी, टोपण बदलायला.
‘काय रे, खाली काही पडलं?’
‘हो,’ म्हणालो, ‘जरा थांब.’
तो थांबला.
पहिल्यांदाच, एका जागी.