वर कशी येतेस

वर्ग भरतो मासळीच्या लिलावघरात, वरच्या मजल्यावर.
खाली बर्फाचे खोके, वर बारा चटया.
उदबत्ती कितीही लावा,
श्वास आत घ्या म्हटलं की आत येतो तो बांगडाच.

कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा,
डाव्या पायाची करंगळी कधीच हरवलेली.
आम्ही त्याला एवारिस्तो म्हणतो.
एवारिस्तो म्हणजे बाल्बिनाचा नवरा,
तोही दिवसभर असाच उभा असतो.

इल्दुआरा शिकवते.
म्हणते, दुखतं तिथंच दुखण्याचं मूळ असेल असं नाही.
एक स्नायू कण्यापासून निघतो,
खुब्यावरून मांडीत उतरतो,
तो आखडतो गुपचूप,
आणि बोंब मारते कंबर.
मी वहीत लिहून घेतलं,
मग समासात बारीक अक्षरात :
आमच्या घरी बाप आणि आई.

मी एकोणपन्नास वर्षांची. पंधराव्या वर्षापासून
आरौसाच्या खाडीत, ओहोटीला,
गुडघाभर चिखलात दंताळं ओढून शिंपले काढते.
आता दंताळ्याच्या ठेक्यावर स्नायू पाठ करते,
एका ओढीला एक.
आसनांची नावं मात्र जिभेला वळत नाहीत.
त्या लांबच्या देशात
बाया ती भाजी निवडता निवडता म्हणत असतील,
आमच्या तोंडात ती खड्यासारखी लागतात.
बाल्बिना अधोमुखला 'आदोमूका' म्हणते
आणि मागून शिंकते.

परीक्षेला सहाजणी दिल्या मला.
त्यात एरुंदिना, वय चौऱ्याहत्तर,
आईच्या शेजारची जागा असायची तिची, चिखलात.
मी पाठ केल्याप्रमाणे म्हटलं,
सावकाश पुढे वाका.

एरुंदिना हसली.
"पोरी, पन्नास वर्षं वाकलेच आहे की.
तेव्हा निदान किलोमागे पैसे मिळायचे."

सगळ्या हसल्या. इल्दुआरासुद्धा, पेन तोंडात धरून.
माझ्या कागदावर यापुढची ओळ नव्हती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले.
विचारून पाठीवर हात ठेवला.
उजवीकडे ओल्या दोराचं वेटोळं,
डावीकडे काहीच नाही, जसं कुणी राहतच नाही तिथं.
विचारलं, एरुंदिना, तू वर कशी येतेस?

ती बघत राहिली.
मग करून दाखवलं :
एक हात मांडीवर, श्वास कोंडलेला,
एक हिसका,
आणि वर पोचल्यावर एक शिवी.

पाऊण तास आम्ही तेवढंच केलं.
टाचा जमिनीत. गुडघे थोडे सैल.
आधी बैठकीचे स्नायू जागे करायचे,
कंबरेला सगळ्यात शेवटी हाक मारायची,
श्वास सोडत, सोडत, सोडत वर.
अकरा वेळा. बाराव्या वेळी
एकजण म्हणाली, माझी बस आहे.

इल्दुआराच्या नियमाप्रमाणे विचारलं,
आधी दहापैकी सात होतं. आता?
एरुंदिनानं डोळे बारीक केले,
लिलावात टोपलीचा भाव करताना करते तसे.
"साडेपाच.
पण उद्या चिखलातून आल्यावर विचार."

माझ्या गुणपत्रिकेवर लिहिलंय :
शिकवलेली आसनं, शून्य.
त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं.
खिडकीपाशी धरून बघितलं, उलटं करून बघितलं,
लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी सहा दहाला.
थंडी बुटांच्या रबरातून आत येत होती.
माझी बादली अर्धीच,
उजवा खुबा नेहमीसारखा कुरकुरत.
एरुंदिना पेन्शनीत निघाली तरी अजून येते,
म्हणते, घरच्यापुरते काढते.
धुक्यात ती दिसत नव्हती.
ऐकू आली मात्र.
शिवी तीच,
पण लांब,
हळूहळू सुटत जाणारी,
श्वासाच्या अगदी टोकापर्यंत.