सहा नंबरच्या बाई

ग्रिम्सबी. रात्रीचे तीन.
चार नंबरच्या थर्लबीबाई जाळं विणतायत.
सूत नाही, सुई नाही,
तरी गाठ बसते. अंगठ्यानं ताणून बघतात.
मग पुढची.
चाळीस वर्षं गोदीवर हेच केलं म्हणे.
मध्येच ओरडतात : बोट सुटली, दोर टाका!
मी त्यांच्या मुठीतून सलाइनची नळी सोडवते,
बँडेजचा रोल देते.
चालतो त्यांना.

फॉर्म साधा आहे.
वय, जन्मतारीख, ही जागा कोणती, साल कुठलं.
मग डिसेंबरपासून महिने उलटे.
थर्लबीबाईंना बारापैकी बारा,
आणि या परीक्षेत जास्त गुण म्हणजे नापास.
मिरजेला आमची आयाबाई नुसती बघायची
आणि म्हणायची, वातात गेलीय.
तिचं मोजमाप तिथंच संपायचं.

सहा नंबरच्या पिंचबेकबाई मात्र गुणी.
घंटी दाबत नाहीत, पाणी मागत नाहीत,
काहीही विचारा : थँक यू, लव्ह.
तीन रात्री मीच लिहिलं,
शांत. तक्रार नाही.

आज संध्याकाळी मुलगी आली, दारातच थबकली.
आई एवढी गप्प कधीच नसते, म्हणाली,
ती टीव्हीशीसुद्धा भांडते.

म्हणून आता त्यांच्यापाशी फॉर्म घेऊन बसलेय.
जाग्याच होत्या, छताकडे बघत.
डिसेंबर, म्हणाल्या. नोव्हेंबर.
मग नोव्हेंबर.
बऱ्याच वेळानं, नोव्हेंबर.
तिथून खाली पायरीच नव्हती.
मी थांबले. किती थांबायचं
ते फॉर्मवर लिहिलेलं नाही.

तेवढ्यात त्यांनी माझी बाही धरली,
कुजबुजत विचारलं,
पाणी किती चढलंय गं?

मी वाकून पाहिलं.
खरंच वाकून पाहिलं.
कोरडी फरशी, एक चप्पल,
उलटा पडलेला चष्मा.

तीन रात्री ही बाई पाय पोटाशी घेऊन
पाणी चढताना बघत होती
आणि मी लिहीत होते, शांत.

डॉक्टरांना फोन केला. सात, म्हणाले.
लघवी तपासायला हवी, झोपेची गोळी कुणी वाढवली तेही बघा.
चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला.
जुन्या नोंदी खोडता येत नाहीत.
खाली वेळ घातली, तीन चाळीस,
आणि रकाना नव्हता तरी लिहिलं :
पाणी गादीच्या काठाला लागलंय, असं सांगतात.