असोला

सांगलीकडून टेम्पोतून आली होती जोडी,
जेव्हा ती योजना बुडाली:
अंड्याला हजार, तेलाला सोन्याचा भाव,
असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं.
बाबी रेवंडकरांनी ती मोडीत घेतली,
तारकर्लीच्या माडांखाली जाळी ठोकली,
पाटी रंगवली: मिनी झू. माणशी तीस रुपये.
दोन इमू, अकरा ससे, एक टर्की कोंबडा.
टर्की शिमग्याला संपला. कसा, ते विचारू नका.

मी सुगंधा. सकाळी पाहुण्यांचे घावणे,
मग यांचा कोबी.
मादी रात्री पोटातून ढोल वाजवायची.
पाहुणे विचारायचे, जवळ कुठे लग्न आहे का?
ती गेली तेव्हा डॉक्टरांनी पोट फाडलं:
बाटलीची चार बुचं, बांगडीचा तुकडा,
एक रुपया.
रुपया मी धुऊन ठेवलाय. का, माहीत नाही.

कार्तिक सरला, थंडी पडली,
आणि नर बसला.
माडावरून पडलेले असोले नारळ
चोचीनं ढकलत त्यानं कोपऱ्यात आणले,
हिरवे, काळपट, तिच्या अंड्यांच्या रंगाचे.
मापाला दुप्पट, पण मापाचं त्याला काय.
पाय दुमडून असा बसला
की वाटावं, पोतंच टाकलंय कुणी.
खाईना. पाण्याला उठेना.
मधूनच मान खाली घालून
एकेक नारळ फिरवायचा, सगळ्या बाजूंनी ऊब लागावी म्हणून.

"नारळ काढून टाक गे," बाबीशेठ म्हणाले.
"नाताळचे पावणे इले. बसलेलो पक्षी
तीस रुपये दिऊन कोण बघतलो?
आणि नारळातसून पिलां येतली काय?"

पुण्याची एक मुलगी जाळीला नाक लावून म्हणाली,
मावशी, याला सोडून का नाही देत तुम्ही?
मी म्हटलं, खय?
पूर्वेला घाट, घाटावर ट्रक.
पश्चिमेला हा दर्या,
आणि याचा मुलूख दर्याच्याही पल्याड.
ती म्हणाली, तरीपण.
तिचं तरीपण मी घरी घेऊन गेले.

त्या रात्री परत येऊन कडी काढली.
दार सताड.
खाडीवरून वारा, लांब कुठेतरी कुत्री.
मी दगडावर बसून राहिले, भीत,
की हा गेला तर,
आणि नाही गेला तर.
त्यानं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.
त्याला घरात काम होतं.

कोंबड्यांखालची अंडी जन्मभर काढली,
कधी हात अडला नाही.
एकतिसाव्या दिवशी, आगाऊ पैसे भरलेल्या
तीन गाड्या यायच्या आधी,
हात घातला.
एखाद्याला कोंब फुटला असता तर गोष्ट झाली असती.
फुटला नव्हता. नुसते गरम होते,
तापातल्या पोराच्या कपाळासारखे.
त्यानं चोच मारली नाही.
मारली असती तर बरं झालं असतं.

सहा काढले. शेठना सहा सांगितले.
फुकट कशाला घालवतंस, म्हणाले.
सोलले, फोडले, खवले, वाटपाला लावले.
सरंग्याच्या आमटीवर पाहुण्यांनी दोनदा भात घेतला.
मी पेज प्यायले आणि भांड्यांना लागले.

तो उभा राहिला. पाय लटपटत,
पिसांतूनही फासळ्या मोजता याव्यात असा.
पोरं ओरडली, उठला! उठला!
फोटो निघाले. एका बाईनं पाव फेकला.

सातवा मी मोजला नव्हता.
त्याच्यादेखत गवतात ढकलला होता.
आता दिवसा तो उभा असतो, तिकिटापुरता.
काळोख पडला की कोपऱ्यात पुन्हा पोतं.
मी कोबी ठेवते, काल ठेवलेला उचलते,
बाहेर येते, हात कडीवर जातो,
आणि घरी पोचेपर्यंत आठवत नाही
लावली, की नाही.