नंतर आठवण करा

चोडणच्या आमच्या सोसायटीला खिडकी एकच,
आणि तिच्या आत दुसरी, काचेची,
जिच्यातून मी दिवसभर जगाकडे बघते.
जग माझ्याकडे बघत नसावं,
असं मी धरून चालले होते.

उजव्या कोपऱ्यात एक बाण.
आधी हिरवा, मग केशरी,
चवथीच्या आठवड्यात तांबडा झाला.
ब्राउझरची नवी आवृत्ती तयार आहे, म्हणाला.
मी दाबलं : नंतर आठवण करा.
समोर फिलोमेना बाय,
पासबुक हातरुमालात गुंडाळलेलं,
रायबंदरची फेरी सुटायला सात मिनिटं,
प्रिंटर अर्ध्या कागदावर रुसलेला.
नंतर म्हणजे केव्हा, हे बाणानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

माझे बाबा खाजनाचा बांध राखायचे.
भरती आली की मानशीची दारं पाणीच लोटून मिटवतं,
त्याला माणूस लागत नाही.
माणूस लागतो उरलेल्या बांधाला :
ओहोटीला टॉर्च घेऊन, चिखलात घोटाभर,
कुर्लीचं बीळ शोधत.
अंगठ्याएवढं असतं.
वरून चिकण आणि पेंढा दाबला की झालं,
त्याच दिवशी दाबला तर.

परवा ते ठेवीचं व्याज विचारायला आले
आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले,
"तो तांबडो बाण कसलो गो?"
मी सांगितलं : ह्या खिडकीत कुठंतरी भोक निघालंय,
जे बांधतात त्यांनाच सापडलं,
बुजवायची माती त्यांनी पाठवलीय.
"आनी माती?"
पडून आहे.
"किते दीस?"
एक्केचाळीस.

रागावले नाहीत.
एवढंच विचारलं, भोक आहे हे कोणाकोणाला ठाऊक.
सगळ्यांना, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता माझंच मला ऐकू आलं.
माती वाटली त्याच दिवशी
भोकाचा पत्ताही वाटला गेला होता.

मग ते बाकावर बसले आणि
शाबलोच्या मेरेची गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती,
पण अर्धीच.
बीळ सगळ्यांनी पाहिलं होतं.
फेस्त होऊ दे, मग बघू, असं ठरलं होतं.
कुर्लीनं केलं ते अंगठ्याएवढंच राहिलं असतं.
मोठं केलं माणसानं,
अमावास्येच्या उधाणाला, रात्री, कुदळीनं,
आत शिरणाऱ्या मासळीसाठी.
कोण ते कधी कळलं नाही.
तीन वर्षं शेतात मीठ.
खारं सोसणारं कोरगुटसुद्धा
वीतभर वाढून पांढरं पडलं.
"हांव दोनदां थंयच्यान गेल्लों," बाबा म्हणाले.
ही अर्धी मला माहीत नव्हती.

बाराशे खाती आहेत माझ्या संगणकात.
निम्म्या सह्या अंगठ्याच्या.

मी बाण दाबला.
सगळ्या खिडक्या एकदम मिटल्या,
काळ्या पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिलं,
रांग कुजबुजली,
धक्क्यावर फेरीनं भोंगा दिला आणि ती गेली.
फिलोमेना बायनं माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मीच दोर सोडला.
सहा मिनिटांनी सगळं परत उघडलं,
हुबेहूब पहिल्यासारखं.
काय बदललं, विचारलं कुणीतरी.
दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

बाबा व्याज न घेताच निघून गेले होते.
बाकावर त्यांची छत्री.

आज मंगळवार. बाण पुन्हा आलाय, हिरवा.
दारात फिलोमेना बाय, तोच रुमाल.
बस गो बाय, मी म्हणते,
पुढची फेरी अर्ध्या तासाने आहे.